एकेचाळीस अबोल नायक आणि एक चष्मेवाला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय प्रेमकादंबऱ्या लिहिणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी माझी एकही कादंबरी वाचलेली नाही, त्यामुळे दाखला निःपक्षपाती समजावा.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या यजमानांना. त्यांचे चष्म्याचे दुकान आहे. गेली अडतीस वर्षे माझे प्रत्येक हस्तलिखित पहिल्यांदा तेच वाचतात. माझे एकेचाळीसही नायक उंच, रुंद खांद्यांचे, घाऱ्या डोळ्यांचे आणि अबोल. यजमानांनी एकदाच विचारले होते, "अगं, हा माणूस कधी जेवतो का?" मी आठवडाभर फुगून बसले होते.

कलम २. छापील पुस्तकांचा संपूर्ण संच जाऊबाईंना. चारचौघांत त्या म्हणायच्या, "असलं मी वाचत नाही हो." मग स्वयंपाकघरात हळूच विचारायच्या, "शेवटी तो परत येतो ना?" आता उघड वाचावे.

कलम ३. माझी मोठी कात्री संपादकांना. नायकाला साधी सर्दी झाली तरी ते पान कापून टाकत. त्यांची कात्री एव्हाना बोथट झाली असेल.

कलम ४. बेचाळिसाव्या कादंबरीचे हस्तलिखित, सर्व हक्कांसह, एका परिचारिकेला. पत्ता सोबत जोडला आहे. तीन वर्षांपूर्वी पाय मोडून मी इस्पितळात होते. खाटेला लावलेल्या कागदावरचे माझे नाव वाचून ती थांबली.

"मॅडम, तुमचे नायक बोलत नाहीत, पण त्यांच्या मनात किती काय काय असतं. म्हणून मी अबोल माणूस बघून लग्न केलं."

"मग?"

"बारा वर्षं झाली. मनातही काही नाहीये."

मी हसले. ती हसली नाही. माझी उशी सारखी करून ती पुढच्या खाटेकडे गेली.

दीड महिना प्लास्टरमध्ये पडून काढला. माझ्या एकेचाळीस पुरुषांपैकी एकाकडेही मला पाण्याचा पेला मागता आला नसता. पेला यजमान देत, आणि सोबत दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी, नको तितक्या. घरी आल्यावर मी नवा नायक लिहिला: बुटका, टकलू, बडबड्या, चुकलं तर चुकलं म्हणणारा. संपादकांनी तो साभार परत केला. "बाई, हा नायक नाही, हा शेजारी आहे." परिचारिकेने वाटल्यास छापावा, वाटल्यास रद्दीत घालावा. तिच्या बारा वर्षांची भरपाई यात नाही, हे मला ठाऊक आहे.

कलम ५. ते हस्तलिखितही यजमानांनी वाचले. तिसऱ्या दिवशी चष्मा पुसत म्हणाले, "हा बरा आहे. पहिल्यांदाच तुझ्या एखाद्या माणसाला घरी बोलवावंसं वाटलं. कोण गं हा?"

"आहे एक ओळखीचा," मी म्हटले.

प्रेमाच्या कबुल्या मी पानोपानी लिहिल्या. स्वतःवर वेळ आली तेव्हा जीभ अडली. म्हणून हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे, त्यांना हल्ली कमी ऐकू येते: अहो, तो तुम्ही.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा
सही: लेखिका, स्वहस्ते
साक्षीदार: १. घरचे डॉक्टर २. शेजारचे शिंपी
दोघांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या. यजमान तेव्हा दुकानात होते.