डचेसची घंटा आणि माझा डावा मोजा

१५ ऑगस्ट १९१०, अमेरिकेतलं आयडाहोचं रान
मालगाडीतून जेवण शोधायला उतरलो आणि वणवा विझवायच्या टोळीत भरती झालो! मुकादम वनरक्षक टटल. झाडं राखायला सरकारनं माणूस ठेवलाय — झाडं काय पळून जाणार? विचारलंच मी.
"पळत नाहीत, पळवतात. तुझ्या नातवंडांची झाडं आहेत ही, गाढवा!"
"आधी बायको तरी बघून द्या!"

१७ ऑगस्ट
सामानाला अठरा खेचरं. पुढे डचेस घोडी, गळ्यात घंटा. ती जाईल तिकडं खेचरं. धूर दाटला की माणसांनीही घंटेमागं जायचं म्हणे, डचेसला झऱ्याची वाट पाठ आहे.
"मी काय खेचर आहे?"
"अजून तेवढा शहाणा नाहीस," टटल म्हणाला.

१९ ऑगस्ट
पहाटेपासून डोक्याशी टणटण! घंटेत माझा डावा मोजा कोंबला. काय झोप लागली! डचेस मात्र शिंकत होती.

२२ ऑगस्ट
परवा वादळी वारा सुटला. आग शेंड्याशेंड्यांवरून धावत आली. स्वतःचा हात दिसेना. "घंटेमागं चला!" टटल ओरडला. घंटाच वाजेना! वीस माणसं कान टवकारून उभी. "डचेसला आणतो" म्हणून टटल धुरात शिरला — आणि मी गप्प. थोडा वेळच, पण गप्प.
मग "मोजा! मोजा!" करत त्याच्यामागं धावलो. लोकांना वाटलं, पोराचं डोकं फिरलं. शिंकांच्या आवाजावरून डचेस झऱ्याच्या वाटेवर सापडली. लगाम टटलच्या हातात, त्याचे डोळे पोळून गच्च मिटलेले. मोजा उपसला. टण! सगळे खेचरांसारखे रांगेत आले आणि झऱ्यात पालथे पडले. आचारी घेवड्याच्या पातेल्यासकट! सगळे वाचले.

२५ ऑगस्ट
दवाखाना. टटलच्या डोळ्यांवर पट्टी. सांगून टाकलं — मोजा माझा होता. तो चाचपडत उठून बसला.
"कुठल्या पायाचा?"
"डाव्या."
"तरीच! धुरापेक्षा तो वास वाईट होता."
तो हसला. मी रडलो.

४ ऑक्टोबर
टटलचे डोळे गेले, कायमचे. तरी म्हणतो, जळालेल्या रानात बिया पेरायच्या. डचेस म्हातारी, चढ झेपत नाही. म्हणून घंटा माझ्या गळ्यात, मी पुढे, टटल मागं. खाली मालगाडीनं शिटी दिली. वळलो नाही. वळलो असतो तर तोही वळला असता.