खाटेखालचं चाक

रविवार, दिवेलागण. मोरिवली.

सुमननं, माझ्या पोरीनं, शेडमध्ये वर्षानुवर्षं खपून जुन्या लढाऊ विमानासारखं विमान बांधलं. आज बदलापूरच्या पुढच्या माळावर ते नुसतं जमिनीवर पळवून बघायचं ठरलं होतं. हिनं जमिनीपासून वीतभर उचललं, आणि टेकताना उजव्या चाकाचा पाय मुडपला. पंख घासला. चाक सुटून एकटंच पळत बांधापर्यंत गेलं. पोरीकडे धावायचं सोडून मी चाकाकडे का बघत राहिलो?

ती हसत उतरली. कोपर खरचटलंय. म्हणते, "बाबा, उडालं! बघितलंत ना?" नवा पाय बसवून पुढच्या रविवारी पुन्हा. म्हणजे पुन्हा आत बसणार. एकुलती एक पोर.

ते चाक मी गुपचूप आणून खाटेखाली सारलं. चाकाशिवाय कशी पळवेल? बायकोनं पाहिलंच. म्हणाली, "लहानपणी पडली तेव्हा तिची सायकल माळ्यावर टाकलीत. मग शिकली कुठं? शेजारच्या गण्याच्या सायकलवर. तिला ब्रेकसुद्धा नव्हते!"

खरंय. हे चाक मिळालं नाही तर उल्हासनगरच्या भंगारातलं कुठलंतरी लावेल. ते धड असेल?

चाक पुसून दाराशी ठेवलंय. तरी राहवलं नाही. चाकातली हवा तेवढी सोडून दिली. पंप आता खाटेखाली आहे.