छत्तीस गुणांचे मासे

२ जानेवारी, शुक्रवार
उज्वला संक्रांतीला येणार! देवळाली कॅम्पला बहिणीकडे जाऊन बसल्याला अडीच महिने झाले. राहायलाच ये म्हटलं, तर म्हणाली, येते, मग बघू. 'बघू' म्हणजे होकारच. सत्तावीस वर्षं वधू-वर सूचक मंडळ चालवतोय, एवढं कळतं.
निश्चय: तोपर्यंत हॉलमध्ये फिश टँक. बायकोची फार जुनी हौस. मीच दरवेळी जागा नाही म्हणून उडवून लावलं. टँक बघितला की राहील.

३ जानेवारी, शनिवार
सरफराजच्या दुकानातून टँक, फिल्टर, प्लॅस्टिकचं झाड आणलं. मासे मात्र देईना. म्हणाला, अंकल, तीन-चार आठवडे नुसतं पाणी फिरू द्या, मग दोन-दोन करून सोडा. त्याला सांगितलं, आमच्याकडे दोन मीटिंगमध्ये साखरपुडा होतो. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पटलं असावं.

४ जानेवारी, रविवार
सगळ्या माशांचे बायोडाटा केले.
एंजल: उंच, गोरी, चालीत डौल. टायगर बार्ब: चपळ, चार जणांत रमणारा. गप्पी: लहान चणीची, सोशिक, लवकर मुलंबाळं.
मूळ गाव विचारलं. सगळा माल कोलकात्याचा. म्हणजे चालीरीतींचा प्रश्नच मिटला. यातले शाकाहारी कोण, विचारलं तर सरफराज हसला. त्याचं म्हणणं, बार्ब एंजलचे पर कुरतडतो आणि एंजल गप्पी गिळते. चांगल्या स्थळाबद्दल लोक काहीबाही सांगतातच.
तरी चार बार्ब, दोन एंजल, सहा गप्पी आणून टँकमध्ये सोडलेच. छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले.

५ जानेवारी, सोमवार, सकाळी ८
बार्ब एंजलच्या मागे मागे. ओळख वाढतेय.
संध्याकाळी ६: एंजलचा पर फाटलाय. नव्या घरात थोडं व्हायचंच.

७ जानेवारी, बुधवार
गप्पी तीनच दिसतात. बाकीच्या झाडामागे लाजून बसल्या असतील. एंजल जेवत नाहीत, पोटं मात्र टम्म.

८ जानेवारी, गुरुवार
झाड उचलून बघितलं. मागे कोणी नाही.

१० जानेवारी, शनिवार
पाणी ताकासारखं झालंय. बार्बच्या अंगावर पांढरे ठिपके. मला वाटलं, वयात आले. सरफराजला फोन केला. तो म्हणाला, अंकल, या थंडीत हीटर नाही लावला? रोग आहे तो. हीटर कसला! नाशिकच्या थंडीत आमच्या घरात कधी हीटर लागला नाही. उज्वला दर जानेवारीला घ्या म्हणायची, ते वेगळं.
तरी आणला. लावला.

१२ जानेवारी, सोमवार
दोन्ही एंजल गेल्या. बार्ब तीन गेले. गप्पी तर कधीच संपल्या. मंडळाच्या इतिहासात असं झालेलं नाही. चूक सरफराजची. पाहुण्यांची नीट माहिती देत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
एक बार्ब उरलाय. सारखा काचेवर तोंड आपटतो. उत्साही आहे. आता घरात भांडणाचं नाव नाही.
निश्चय: उज्वलाला सांगायचं, मुद्दामच सुटसुटीत ठेवलंय.

१४ जानेवारी, बुधवार, संध्याकाळी ७
साडेचारला आली. तिळगूळ दिला. चहा मी केला. टँकसमोर बराच वेळ उभी राहिली. मला भरून आलं.
मग तिनं विचारलं, हे कशाला आणलंत? म्हटलं, तुझी हौस. ती म्हणाली, मला मासे कधीच आवडले नाहीत. हौस चांगुणाताईंची होती. चांगुणा म्हणजे माझी थोरली बहीण.
मी विचारलं, मग तुला काय आवडतं?
तिनं घड्याळ बघितलं. म्हणाली, साडेपाचची बस आहे. हळदीकुंकवाचं तबक आणि तिचे दोन स्वेटर घेऊन गेली.
सहाचीही बस असते. सांगायचं राहिलं.