सव्वा मूठ गहू

मुंबई, २ ऑगस्ट १९९४

चि. सौ. प्रमिला हिला मोठ्या जावेचा आशीर्वाद.

ऑपरेशन झालं, जखम सुकते आहे. जेवणही जातं. ह्यांना सांग, काळजी करू नका.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, छातीतली गाठ नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते आणि त्यांच्यावरच पोसते. म्हटलं, म्हणजे आमच्या केळीचं पाणी कुणी चारी फोडून न्यावं तसं! त्या हसल्या. त्या वाहिन्याच बंद पाडायचं औषध अजून शोधताहेत म्हणे. मला नेहमीचीच सलाईन.

माझ्या रवीचं पत्र आलं, तुझ्या भरताचं कौतुक करणारं. "काकूनं भरीत भारी शे." माझी म्हैस आता तुला पान्हा सोडते, हेही त्यानेच कळवलं. खरं सांगते, तीन दिवस मला तूच ती गाठ वाटलीस. रागावू नकोस, इथे पडून दुसरं काय सुचणार? माझी हिरवी साडी मात्र नेसू नकोस.

श्रावणातल्या कानबाईच्या नैवेद्याचा रोट यंदा तुझ्याच हातचा. घरातल्या एकेका गड्याच्या नावाने सव्वा मूठ गहू घेशील. बायकांच्या नावाने घेत नाहीत, मला ठाऊक आहे.

यंदा माझ्या नावाने घे. कुणाला सांगू नकोस.

तुझी,
झुंबरबाई