नाहूरच्या युनियनच्या खोलीचं काय करायचं

मी, बळवंत किसन खरात, वय एकाहत्तर, राहणार नाहूर, औषधांच्या कारखान्यातला निवृत्त फिटर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोकं ठिकाणावर आहे, फक्त झोप उडाली आहे.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली ठेव पत्नी जया हिला. ती असेपर्यंत कुणी हिस्सा मागू नये.

२. माझे पाने आणि ड्रिल मशीन मुलगा कृणाल याला. वापर रे, ऊठसूट प्लंबरला फोन करू नकोस.

३. आता खरं दुखणं. कारखान्याच्या गेटसमोरची युनियनची खोली. घेतली कामगारांच्या वर्गणीतून, पण तेव्हा युनियनची नोंदणी व्हायची होती, म्हणून कागद माझ्या, म्हणजे तेव्हाच्या सेक्रेटरीच्या, नावावर झाले. कृणाल म्हणतो, "पप्पा, नावावर तुमच्या म्हणजे आपलीच ना? बिल्डर मागे लागलाय." तुझ्या बापाची आहे का ती? बापाच्या फक्त नावावर आहे!

४. आताच्या युनियनलाही ती मिळू नये. आम्ही पगाराच्या दिवशी गेटवर उभं राहून वर्गणी घ्यायचो. लोक आधी दोन शिव्या हासडायचे, "कँटीनचं काय केलंस?" विचारायचे, मग पैसे काढायचे. अध्यक्ष चंद्रप्रकाशने ती कंपनीकडून पगारातूनच कापून घ्यायला सुरुवात केली. आता त्याला कामगाराचं तोंड बघावं लागत नाही. कंत्राटी बायकांचीही कापतो, आणि त्यांनी मत मागितलं की म्हणतो, तुम्ही कायम नाही. वा रे न्याय!

५. पॅकिंगमधल्या शेवंतीने "मत नाही तर वर्गणी नाही" म्हणत या बायकांची वेगळी युनियन काढली. बाई महाफटकळ, माझ्याशी एकदाही धड बोललेली नाही. खोली तिच्या युनियनला. अट एकच, वर्गणी गेटवर, समोरासमोर घ्यायची.

६. या मृत्युपत्राचा अंमल कृणालने करावा.

७. सहावं कलम लिहिलं आणि जीव थाऱ्यावर राहीना. मी मेल्यावर पोराने टाळाटाळ केली तर? तसाच उठलो, चप्पल घातली, जयाला घेऊन शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर गेलो आणि खोलीची किल्ली शेवंतीच्या हातात दिली. ती म्हणाली, "काका, उद्या तुमचा मुलगा आला तर?" मी म्हटलं, "आत जाऊन बसा आणि उठू नका." कृणाल, बायका खोलीत बसल्या आहेत. सगळ्यात पुढे तुझी आई आहे, परत ये म्हटलं तर ऐकत नाही. जा, उठव.

सही : बळवंत किसन खरात

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली :
रतन भिकाजी पगारे, जुने खजिनदार
अस्मिता ओजस म्हात्रे, शेजारी

नाहूर, मुंबई
९ नोव्हेंबर २०२५