'मेर्ति'पुढची चांदणी

मंगळवार, संध्याकाळ. हिंगोली.

प्रबंधातला तक्ता दुपारी मार्गदर्शक सरांना दिला. आत्ता पाहते तर 'मेर्ति' या प्राचीन स्लाव्ह क्रियापदापुढची चांदणीची खूण (*) राहिली. त्याची रशियन, पोलिश रूपं लिहिलेली सापडतात. आपलं 'मरणे' त्यांचं लांबचं नातलग. पण 'मेर्ति' कुठेच लिहिलेलं नाही, अभ्यासकांनी अंदाजाने बांधलंय. अशा शब्दापुढे चांदणी घालतात. ती नाही, म्हणजे हा शब्द लिहिलेला सापडतो असं मी खोटं सांगितलं.

बाबा म्हणाले, "एका चांदणीपायी काहून रडून राहिली, बाई? ते बोलणारे मेले की. भांडाया कोण येनार हाय?"

आमच्या घरात माझं लिहिलेलं तपासणारं कोणी नाही. चांदणी उद्या पेनाने घालता येईल. पण "दोनदा तपासलंस ना?" असं सरांनी विचारल्यावर मी हो म्हणाले. एकदाही तपासलं नव्हतं. हे सांगितल्यावर ते माझं पुढचं काही वाचतील का?