सवतीची पाठवणी

२ मार्च, सोमवार

आज पुन्हा गेले. तिकीटवाला म्हणतो, "काकू, आता पासच काढा!" कारंज्याजवळच्या दगडी बाकावर बसले. दीडशे वर्षांची जुनी बाग, पण कारंज्यात पाण्याचा टिपूस नाही — नुसता पाचोळा. समोरच्या पिंजऱ्यात माझी सवत. इकडून सात पावलं, तिकडून सात पावलं. जन्म गेला अस्वलिणीचा सिमेंटवर.

हे तिचे रखवालदार होते. घरी आले की अंगाला तिचा वास! "आधी आंघोळ, मग चहा," मी ओरडायचे. "सवतीच्या गळ्यात पडून आलात वाटतं?" हे नुसते हसायचे. आता तो वास घ्यायला मीच जाते.

५ मार्च, गुरुवार

बातमी! नवा रखवालदार धावतच बाकापाशी आला. पिंजरे काढणार, बाग तेवढी ठेवणार. म्हातारीला डोंगराजवळच्या कुंपण घातलेल्या रानात नेणार — शनिवारी, चौदाला. "माती आहे काकू, झाडं आहेत! खड्डे खणत बसेल बघा."

घरी येऊन ह्यांच्या फोटोपुढे रडले. दवाखान्यात शेवटी माझं नावसुद्धा आठवत नव्हतं ह्यांना. पण हे आठवत होतं — "तिला एकदा मातीवर चालताना बघायचंय. मी नसलो तर तू बघ." मी हो म्हटलं होतं.

१० मार्च, मंगळवार

गुडघा ठणकतोय. घरीच.

१३ मार्च, शुक्रवार

गुडघ्यापायी आजही जाता आलं नाही. रखवालदाराचा फोन आला. उद्या दहाला गाडी, भूल देऊन चढवणार. पुढच्या महिन्यात मलाही तिकडे दाखवायला नेतो म्हणाला. दोन लेकरांचा बाप, स्वतःच्या व्यापात असतो, तरी आठवणीने फोन केला. भला माणूस.

१४ मार्च, शनिवार

राहवलं नाही. सकाळी साडेसहालाच लंगडत गेले. पिंजऱ्यामागची गल्ली ह्यांच्यामुळे पाठ आहे. बघते तर काय — तिचं घमेलं कोरडं ठणठणीत! गजांवर डोकं आपटत होती भुकेने. माझं टाळकंच सणकलं. पाठवणीच्या दिवशी कुणी उपाशी धाडतं का? रखवालदाराचा पत्ता नाही. भला म्हणे!

बरं झालं, पाव आणि मध नेला होता. रविवारी हे द्यायचे तसा, मध लावून एकेक पाव गजांतून दिला. आठच्या आठ खाल्ले. मग माझा हात चाटला — पहिल्यांदाच! म्हटलं, जा बाई, नीट राहा.

चढवताना बघवणार नाही म्हणून घरी आले. दहा वाजत आलेत. निघेल आता.

१५ मार्च, रविवार

ह्यांच्या फोटोला सांगितलं — निम्मा शब्द पाळला. उरलेला पुढच्या महिन्यात.

१७ मार्च, मंगळवार

रखवालदार आला. डोळे सुजलेले. पाणी मागितलं, दिलं.

गाडीत चढलीच नाही ती. भुलीतच उलटी झाली, घशात अडकली, गुदमरली. "भूल द्यायची तर आदल्या दिवसापासून उपाशी ठेवतात काकू. मी ठेवलं होतं, आईशप्पथ! पण घशातून पाव निघाले. डॉक्टर म्हणतात मीच दिले. कामावरून काढलं मला."

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही आला होतात का हो सकाळी? कुणी दिसलं?"

मी म्हटलं, "नाही रे. गुडघा दुखत होता."